लग्नाची कॅसेट डीव्हीडीवर घेण्याआधी

लग्नाची व्हीएचएस म्हणजे व्हिडिओ कॅसेट आता एकदाच नीट चालेल, असं धरूनच तयारीला लागा. पंचवीस-तीस वर्षं लोखंडी पेटीत, टिनाच्या छताखाली, उन्हाळ्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत पडून राहिलेली फीत पुन्हा पुन्हा फिरवून पाहायच्या लायकीची राहिलेली नसते. "आधी पाहू तर काय आहे, मग रेकॉर्ड करू" हा घरातल्या सगळ्यांचा आग्रह असतो. तो मोडून काढा. पहिल्यांदा चालेल तेव्हाच रेकॉर्डिंग चालू असलं पाहिजे.

दिवस निवडा. महाशिवरात्र ते गुढीपाडवा हा काळ आमच्याकडे बरा. पावसाळ्यात हवा ओली असते आणि दिवाळीनंतर घरात कापूस भरलेला असतो. त्याची तूस उडून फितीवर आणि मशीनमध्ये बसते. एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय बसवत नाही, आणि कूलर म्हणजे ओल्या हवेचा झोत. उन्हाळ्यातच करायचं असेल तर कूलर नसलेल्या खोलीत, पहाटे करा.

कॅसेट पेटीतून काढली की लगेच घालायची नाही. खिडकीतून उजेडात धरून रिळाची कड पाहा. कड काळी, गुळगुळीत दिसली तर ठीक. पांढुरके, भुरभुरीत डाग दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट मशीनमध्ये घातली की बुरशी हेडवर (फीत वाचणाऱ्या भागावर) बसते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटींवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बांधून बाजूला ठेवा, तिचं काम जाणकाराकडेच द्या. कॅसेटच्या कण्यावरची प्लॅस्टिकची छोटी पट्टी शाबूत असेल तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी लग्न पुसलं जाणार नाही. मशीन व्हीसीपी (फक्त कॅसेट दाखवणारं) असेल तर ही भीती नाही, त्याला रेकॉर्ड करताच येत नाही. आपल्या कामाला व्हीसीपी पुरतो.

मशीन मिळवणं हीच खरी अडचण. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर (कॅसेट दाखवणारं आणि रेकॉर्डही करणारं मशीन) बनवणं थांबवलं. ती शेवटची बनवणारी कंपनी होती. म्हणजे आता मिळेल ते जुनंच. रंगीत टीव्ही आणि व्हीसीपी रात्रभर भाड्यानं देणारे एकेकाळी तालुक्याच्या गावी असायचे, त्यांच्या अडगळीत विचारा. मिळालेल्या मशीनचे रबरी बेल्ट बहुधा सैल किंवा चिकट झालेले असतात, ते जुन्या टीव्ही मेकॅनिककडून बदलून घ्या. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याचा तुकडा लागतो. कापसाचा बोळा नको (कापसाच्या मुलखात हे सांगताना जिवावर येतं), त्याचे धागे हेडला अडकतात. ड्रम (हेड बसवलेला फिरता गोल भाग) बोटानं फिरवत आडवंच पुसा. वर-खाली घासलं तर हेड तुटतं.

मग कामाची नसलेली एक कॅसेट शोधा आणि सगळी जोडणी तिच्यावर तपासा. यूएसबी कॅप्चर डिव्हाइसला (मशीनचं चित्र-आवाज लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या जोडाला) पिवळी वायर चित्राची, पांढरी-लाल आवाजाची. व्हीसीपीला आवाजाचं एकच भोक असेल तर आवाज डाव्या कानातच येईल, तेव्हा ओबीएसमध्ये (लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये) तो मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत येईल. ओबीएसमध्येच डिव्हाइस पालवर (आपल्याकडच्या टीव्ही चित्राच्या पद्धतीवर) ठेवा, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम. एनटीएससी (अमेरिका-जपानकडची पद्धत) राहिलं तर चित्र काळं-पांढरं येतं नाहीतर घरंगळत राहतं. चित्राच्या अगदी तळाशी थरथरणारी पट्टी दिसते, ती व्हीएचएसमध्ये असतेच. तिच्यासाठी ट्रॅकिंगचं (हेड फितीशी जुळवायचं) बटण फिरवत बसू नका. चित्रभर पट्टे असतील तर मात्र फिरवा.

फाइल एमकेव्ही प्रकारातच साठवा. लाईन गेली तर एमपीफोर फाइल पुरती वाया जाऊ शकते, एमकेव्ही तिथपर्यंतची वाचते. सेकंदाला ८ मेगाबिट धरले तर तासाला साडेतीन जीबीच्या वर जागा जाते, म्हणजे तीन तासांच्या कॅसेटीला ११ जीबी. डिस्कवर ४० तरी मोकळे ठेवा, कारण डीव्हीडी बनवताना तेवढंच पुन्हा लागतं. जुनी बाहेरची डिस्क फॅट-३२ (जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेली) असेल तर ४ जीबीच्या पुढची फाइल तिच्यावर बसत नाही. लॅपटॉपची झोप आणि विंडोजचा अपडेट दोन्ही बंद. व्हीसीपी इन्व्हर्टरवर लावा. तरीही मधेच लाईन गेली तर फीत ड्रमभोवती गुंडाळलेली असते. तिला हात न लावता लाईन यायची वाट पाहायची, मग स्टॉप दाबून बाहेर काढायची. चिमट्यानं ओढणारा एक हुशार माणूस प्रत्येक घरात असतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

खरी कॅसेट घातली की आधी शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवा, चिकटलेली फीत मोकळी होते. मग रेकॉर्ड, मग प्ले.

डिस्कचं काम त्या मानानं सोपं. डीव्हीडी बनवायचं डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. ४.७ जीबीच्या डिस्कवर तीन तास कोंबू नका, चित्राचे चौकोन पडतात. दीड-दीड तासाच्या दोन करा. चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण ४:३ ठेवा. १६:९ ठेवलं तर नवरदेव-नवरी दोघंही आडवे सुटतात. आताच्या लॅपटॉपला डीव्हीडी रायटर नसतो, तो यूएसबीचा वेगळा घ्यावा लागतो. कोऱ्या डिस्क दोन-चार जास्तीच्या आणा आणि वेग कमी ठेवून राइट करा. मूळ फाइल हार्ड डिस्कवर राहू द्या. आणि वाटायच्या डिस्क मोजण्याआधी आत्याकडे, मामाकडे फोन करून विचारा की डीव्हीडी प्लेअर अजून चालू आहे का. नसेल तर पेन ड्राइव्हच द्या, फाइल एमपीफोर करून. आताच्या टीव्हीवर ती सरळ लागते.