कारखान्यातले खाडे मोजताना या चुका टाळा

सकाळच्या पाळीला सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटमध्ये दोन मशिनवर माणूस नसला, की सुपरवायझरचा पहिला अर्धा तास फोन लावण्यातच जातो. महिनाअखेरीला मालक विचारतात, ‘खाडे किती?’ आणि मस्टरवरून (हजेरीपटावरून) एकच आकडा निघतो. मंजूर रजा, आजारपण, न सांगता मारलेली दांडी, सगळं त्यात. मंजूर रजेला बदली माणूस आधी लावता येतो. पाळी कोलमडते ती न कळवलेल्या खाड्यानं. तो वेगळा मोजा.

60 कामगार आणि 25 कामाचे दिवस म्हणजे 1500 मनुष्यदिवस. त्यात 90 अचानक खाडे, तर प्रमाण 6 टक्के. साप्ताहिक सुट्ट्याही कामाचे दिवस म्हणून धरल्या, तर हेच प्रमाण कमी दिसतं. ठेकेदाराच्या माणसांचे खाडे धरणार असाल, तर ती माणसं एकूण संख्येतही धरा.

दिवस मोजून खेपा, म्हणजे माणूस किती वेळा गैरहजर राहिला ते, न मोजणं ही त्याहून मोठी चूक. टायफॉइडनं सलग 10 दिवस घरी असलेला आणि वर्षात दहा वेळा एकेक दिवस गायब झालेला, दोघांचे दिवस सारखेच. हा फरक दाखवणाऱ्या ब्रॅडफर्ड सूत्रात 52 आठवड्यांतल्या खेपांचा वर्ग करून त्याला एकूण दिवसांनी गुणतात. पहिल्याचे गुण 10, दुसऱ्याचे 1000. पण या आकड्यावर मेमो काढू नका. दम्याचा रुग्ण किंवा ज्या बाईचं मूल सारखं आजारी पडतं तीही यात वर येते. आकडा दिसला की आधी माणसाशी बोला, तेही मशिनपाशी चारचौघांत नको. ईएसआयच्या (कामगार राज्य विम्याच्या) अटी पूर्ण होत असतील, तर आजारपणात वेतनाच्या 70 टक्के रक्कम वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळते, हे बऱ्याच कामगारांना कुणी सांगितलेलंच नसतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपल्याकडचे पुष्कळ ‘अचानक’ खाडे अचानक नसतातच. सप्टेंबर-ऑक्टोबरात तासगावकडच्या द्राक्षबागांची छाटणी, ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ, आरेवाडीच्या बिरोबाची यात्रा, भावकीतली लग्नं. कामगाराला हे कधीपासून माहीत असतं. मग तो आधी सांगत का नाही? कारण मागच्या वेळी सांगितलं तेव्हा रजा नाकारली होती. म्हणून तो त्या दिवशी सकाळी ‘ताप आलाय’ म्हणतो. सरसकट रजा नाकारणारा सुपरवायझर स्वतःच दांड्या वाढवतो, असं माझं ठाम मत आहे. तीन महिन्यांचं कॅलेंडर भिंतीवर लावा, प्रत्येकाला आपले दिवस लिहू द्या आणि एका दिवशी किती जणांना सोडता येईल ते आधीच जाहीर करा. गर्दी झाली तर कुणी थांबायचं, हे बहुतेक वेळा कामगार आपसांत ठरवतात.

हजेरी भत्ताही तपासा. एका खाड्यानं महिन्याचा सगळा भत्ता बुडत असेल, तर पाच तारखेला खाडा पडलेल्या माणसाला उरलेला महिना नियमित यायचं कारणच राहत नाही. भत्ता आठवड्यावर द्या.

पुराचे दिवस मात्र पूर्ण वेगळे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. 2019 आणि 2021 च्या पुरात घर सोडून निघालेल्या माणसाच्या नावापुढे ‘गैरहजर’ लिहिणं अन्यायाचं आहे आणि त्यानं वर्षाची तुलनाही बिघडते. मस्टरमध्ये स्वतंत्र खूण ठेवा, आणि नदीकाठच्या गावांतून येणाऱ्यांचा दुसरा फोन नंबर जूनमध्येच घेऊन ठेवा.