जिताड्याला अंडी पाडण्यासाठी हॉर्मोनचं इंजेक्शन देण्याआधी अंडं मोजा

जिताडा (गोव्यातला चणक) आधी नर म्हणून वयात येतो. दोन-तीन किलोचे मासे बहुतेक नरच. पुढे साधारण चार ते सहा वर्षांच्या वयात त्याच माशातलं वृषण विरत जातं आणि त्याजागी अंडाशय तयार होतं. टाकीत वर्षानुवर्षं तेच ब्रूडर (प्रजननासाठी पाळलेले मासे) ठेवले तर शेवटी माद्याच उरतात आणि अंडी पडूनही फलित होत नाहीत. म्हणून दरवर्षी तरुण नर घाला आणि प्रत्येक माशाला टॅग लावून वजन व लिंग यांची नोंद ठेवा. ज्या माशातून अंडीही निघत नाहीत आणि मिल्टही (नराचं वीर्य), तो कदाचित बदलाच्या मधल्या टप्प्यात असेल. त्याला त्या हंगामात वगळा.

फुगलेल्या पोटावर विश्वास ठेवू नका, चरबीनेही पोट फुगतं. तपासणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. माशाला सौम्य भूल द्या, डोळ्यांवर ओलं फडकं टाका. नराचं पोट मागच्या बाजूला हलकेच दाबलं की दुधासारखा मिल्ट येतो.

मादीसाठी सुमारे १.२ मिमी आतल्या व्यासाची मऊ पॉलिथिनची नळी घ्या. गुदद्वाराच्या लगेच मागे जननछिद्र आहे, त्याच्याही मागे मूत्रछिद्र. नळीत नुसतं पाणी आलं तर ती मूत्राशयात गेली आहे. काढा आणि पुन्हा घाला. सहा-सात सेंटीमीटर आत गेल्यावर दुसऱ्या टोकाने हळू ओढत नळी बाहेर काढा. जोर लावलात तर अंडाशय फाटतं.

नमुना सूक्ष्मदर्शकाखाली मायक्रोमीटरने मोजा, किमान पन्नास अंडी. पारदर्शक, मध्ये केंद्रक दिसणारी बारीक अंडी अपक्व. पिवळसर, अपारदर्शक, एकमेकांपासून सुटी आणि सरासरी ०.४५ मिमीच्या वर असली तर मादी तयार. ०.४ मिमीच्या खाली असतील तर हॉर्मोन वाया जातं. मादी परत सोडा, दोनेक आठवड्यांनी पुन्हा पाहा. कडा विस्कटलेली, गोळा झालेली अंडी म्हणजे अंडाशय ती परत शोषून घेतंय. अशी मादी या खेपेला नकोच.

मात्रा एलएचआरएच-ए ची (अंडी पाडायला लावणारं कृत्रिम हॉर्मोन): मादीला किलोमागे ६० ते ७० मायक्रोग्रॅम, नराला निम्मी. १ मिग्रॅ हॉर्मोन २ मिलि निर्जंतुक पाण्यात विरघळवलं, तर पाच किलोच्या मादीला ६० च्या हिशेबाने ०.६ मिलि लागतं. सुई पृष्ठपराच्या खाली, स्नायूत. एका मादीमागे दोन नर ठेवा. पाण्याची क्षारता २८ ते ३२ पीपीटी (दर हजारी भाग), तापमान २८ ते ३० अंश. अमावास्या-पौर्णिमेचा सुमार साधला तर प्रतिसाद चांगला मिळतो, कारण निसर्गातही जिताडा उधाणाच्या भरतीशी जुळवूनच वितो.

३० ते ३६ तासांत, बहुधा रात्री, अंडी पडतात. फलित अंडी ०.७५ ते ०.८ मिमीची, काचेसारखी स्वच्छ आणि तरंगणारी. १७-१८ तासांत फुटतात. सगळीच बुडाली तर आधी क्षारता तपासा, कारण गोडसर पाण्यात चांगलं अंडंही तळाला जातं. क्षारता ठीक असेल तर नरांचा मिल्ट पाहा.