भिंतीतली गिट्टी फिरत असेल तर

स्क्रू आवळताना गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी भिंतीतली प्लास्टिकची नळी) सोबत फिरू लागली की बहुतेक जण काडेपेटीच्या काड्या कोंबतात. फ्रेमपुरतं ते चालेल, वजनाच्या शेल्फला मुळीच नाही. गिट्टी फिरण्याचं कारण बहुधा एकच: ती पूर्णपणे प्लास्टरमध्येच बसलेली असते. प्लास्टर साधारण १२ ते १५ मिमी जाड असतं आणि त्यातली वाळू सुटते. पकड मिळते ती मागच्या विटेत.

६ मिमीची जुनी गिट्टी पक्कडीने ओढून काढा. ड्रिलच्या ८ मिमीच्या बिटवर टोकापासून ६० मिमीवर चिकटपट्टी गुंडाळा आणि तेवढंच खोल छिद्र पाडा. विटेत ड्रिलचा हॅमर मोड (ठोके मारत फिरणं) बंद ठेवा, नाहीतर छिद्राचं तोंड फाकतं. आतली भुकटी फुंकून काढा (डोळे सांभाळा), कारण ती राहिली तर नवी गिट्टीही धरत नाही. ८ मिमीची ५० मिमी लांब गिट्टी प्लास्टरच्या पातळीच्या थोडी आत जाईपर्यंत ठोका, ५ मिमी जाडीचा स्क्रू वापरा.

छिद्र तरीही सैल वाटलं तर आत पाणी शिंपडा, घट्ट कालवलेलं व्हाइट सिमेंट भरून गिट्टी दाबा. २४ तास स्क्रूला हात लावू नका. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली मात्र ड्रिल नकोच, तिथून वायरी गेलेल्या असतात.