घरी रेकॉर्ड केलेला अभंग एडिट कसा करायचा (ऑडिओ आणि मिडी दोन्ही)

मी कळव्याला रेल्वे लाईनच्या बाजूलाच राहते आणि माझे मामा अभंग छान गातात, ते आमच्या घरी मी रेकॉर्ड करते. एका कडव्याचे चार-पाच टेक घ्यावेच लागतात कारण एकात लोकलचा भोंगा येतो, दुसऱ्यात शेजारच्या कुकरची शिट्टी. मी रीपर हे रेकॉर्डिंग-एडिटिंगचं सॉफ्टवेअर वापरते म्हणून त्यातली बटणं सांगतेय, दुसरं सॉफ्टवेअर असेल तर बटणं वेगळी, काम तेच.

काहीही कापायच्या आधी प्रोजेक्ट नव्या नावाने सेव्ह करा. कापलं तरी मूळ रेकॉर्डिंगची फाइल डिस्कवर जशीच्या तशी राहते त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण आठ दिवसांनी कुठला तुकडा कुठे होता ते आठवत नाही, तेव्हा जुनी प्रोजेक्ट फाइल उपयोगी पडते.

आता टेक एकाखाली एक लावून हेडफोनवर एकेक ओळ ऐका आणि ओळीगणिक चांगला टेक निवडा. सूर किंचित हलला असेल आणि म्हणण्यात जीव असेल तर मी तोच ठेवते, शब्द गिळला असेल तर मात्र बाद.

कर्सर ठेवून एस दाबलं की तिथे तुकडा पडतो. पण कुठे कापायचं यातच सगळं आहे. श्वासाच्या मध्ये कधीच कापू नका, श्वास सुरू व्हायच्या आधी कापा, नाहीतर माणूस अर्धाच श्वास घेतोय असं वाटतं. आणि ओळीच्या मध्येच जोड द्यायची वेळ आली तर ट, ठ, क, प असली अक्षरं शोधा. 'विठ्ठल' झूम करून बघा, 'वि' संपल्यावर लाट जवळजवळ सपाट होते आणि मग 'ठ'चा टोकदार उंचवटा येतो, कारण 'ठ्ठ' म्हणताना जीभ टाळूला टेकून हवा क्षणभर अडते. त्या सपाट जागेत कापा, जोड कुणाला सापडणार नाही. लांबवलेल्या 'आ'मध्ये मात्र जोडायला जाऊ नका, आवाजाचा पोत बदललेला लगेच कळतो, तिथे अख्खी ओळच दुसऱ्या टेकमधून घ्या.

दोन तुकडे एकमेकांवर थोडे सरकवून ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा हळूहळू मिटत असतानाच दुसरा हळूहळू वर येतो. लाट शून्यावर नसताना तुटली की 'टक्' असा आवाज येतो, तो याने जातो. गाडीची घरघर कमी करायला इक्यूमध्ये (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करायची सोय) ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास लावा, म्हणजे त्याखालचा आवाज कापला जातो, आवाज खर्जातला असेल तर अजून खाली. भोंगा मात्र याने जात नाही, तो गळ्याच्याच पट्टीत असतो, दुसरा टेक घ्या.

आता तबला. मी तो कीबोर्डवर वाजवून मिडीत घेते. मिडीमध्ये आवाज नसतोच, कुठला स्वर, कधी आणि किती जोरात (१ ते १२७) एवढीच नोंद असते, म्हणून प्रत्येक बोल नंतरही हलवता येतो. पण आधी बघा, गाणं क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये ठरावीक लयीत वाजणाऱ्या टकटकीवर, गायलंय का? नसेल तर ग्रिड (स्क्रीनवरच्या मात्रांच्या उभ्या रेघा) गाण्याशी जुळणारच नाही आणि क्वांटाइझ केलं, म्हणजे बोल त्या रेघांवर ओढून बसवले, की तबला गाण्यापासून सुटतो. असेल तर मिडी एडिटरमध्ये क्यू दाबा आणि स्ट्रेंग्थ, म्हणजे बोल रेघेकडे किती ओढायचा ते, ६०-७० टक्केच ठेवा. मी पहिल्यांदा पूर्ण १०० ठेवलं होतं, मामा ऐकून म्हणाले, "अगं, हा तबला कुणी वाजवतंय असं वाटतच नाही." खरं होतं ते.

मग वेलॉसिटी, म्हणजे बोल किती जोरात तो १ ते १२७ मधला आकडा. केरव्यात समेचा 'धा' ११० च्या आसपास, बाकीचे बोल ७५ ते ९५, आणि दोन आवर्तनं हुबेहूब सारखी नकोत. चौथ्या, पाचव्या, सहाव्या मात्रेला (ती, न, क) डग्ग्याची घुमणारी नोट पडली असेल तर डिलीट करा, तिथे डग्गा बंद असतो आणि 'धि'वर तो परत उघडतो. एवढं केलं ना की ठेका एकदम ठेक्यासारखा वाजायला लागतो.

अख्खा तबलाच मागे पडतोय असं वाटलं तर सगळ्या नोट्स सिलेक्ट करून कानाला बरं वाटेपर्यंत थोड्या डावीकडे ओढा, म्हणजे त्या आधी वाजतील.

शेवटी सगळ्याची एक तयार फाइल बनवताना, म्हणजे २४ बिट वेव्हमध्ये रेंडर करताना, गाणं संपल्यावर चार-पाच सेकंद जास्तीचे ठेवा, नाहीतर शेवटच्या टाळाची आस (मागे रेंगाळणारा नाद) मध्येच तुटते.