बुद्धिबळ आणि सारीपाट एकाच फळीवर: घरच्यांसाठी बैठं खेळाचं टेबल

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी सोलापुरातली घरं पाहुण्यांनी भरतात. त्या दिवसांत सतरंजीवर सगळ्यांच्या मध्ये मांडता येईल असं हे टेबल आहे. उंची ३० सेंमी, वर बुद्धिबळ, फळी उलटली की सारीपाट. जानेवारीत भेट द्यायची असेल तर लाकूड नोव्हेंबरातच आणा आणि पंधरा-वीस दिवस घरात, मध्ये काड्या घालून, रचून ठेवा. वखारीतलं ओलसर लाकूड लगेच वापरलं तर एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात ते आकसतं आणि सांधे उघडे पडतात.

खेळाची फळी याच कारणासाठी अखंड लाकडाची करू नये. ४० सेंमी रुंदीचा सागही उन्हाळा-पावसाळ्यात आडव्या अंगाने काही मिलिमीटर कमी-जास्त होतो. १८ मिमीचं वॉटरप्रूफ प्लाय घ्या, ४०० × ४०० मिमी, अगदी गुण्यात, म्हणजे काटकोनात कापलेलं. त्यावर अर्धा मिमीचं विनियर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा लागेल, साग आणि शिसव. पूर्ण शीट घेऊ नका, दुकानात तुकडे मागा.

खरं कसब बुद्धिबळाच्या घरांत आहे. सागाच्या ४ आणि शिसवाच्या ४ पट्ट्या कापा, रुंदी ५० मिमी, लांबी ४२०. स्टीलची पट्टी दाबून धरा आणि कटरचं नवं पातं ३-४ वेळा हलक्या हाताने ओढा. एका जोरात कापायला गेलं की पातं लाकडाच्या रेषेमागे पळतं आणि शिसवाची कड फाटते. प्रत्येक पट्टीत पाव मिमीची चूक झाली तरी आठ पट्ट्यांत ती २ मिमी होते, म्हणून पहिली पट्टी नमुना धरून बाकीच्या तिच्यावरच मापा. एक साग, एक शिसव अशा लावून वरून मास्किंग टेपने जोडा. मग आडवे ५०-५० मिमीचे आठ काप घ्या आणि एक सोडून एक काप टोकाकडून टोकाकडे फिरवा. चौकटी आपोआप जुळतात.

उलट्या बाजूला सागाचं अखंड विनियर. दोन्ही बाजू एकाच दिवशी चिकटवा. एकच बाजू चिकटवून ठेवली तर फळी वाकते. फेविकॉल पातळ, सगळीकडे सारखा. वर कागद, त्यावर सोलापुरी चादरीची घडी, मग जाड फळी आणि वजन, रात्रभर. नंतर चारी कडांना १० मिमी जाडीची सागाची पट्टी लावली की फळी ४२० मिमीची होते.

सारीपाट ३९९ मिमीत बसतो: २१ मिमीची घरं, ८ + ३ + ८ अशी १९. मध्यातून आखायला सुरुवात करा. चार हातांत मिळून ९६ घरं, मधला ६३ मिमीचा चौक मोकळा. फुल्या घरातल्या जुन्या कापडी पटावरून उतरवा. आधी सीलरचा, म्हणजे लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचा एक हात द्या, नाहीतर रंग लाकडाच्या रेषांतून पसरतो. रेषा अॅक्रिलिकने काढा. मार्करची शाई स्पिरिट पॉलिशमध्ये विरघळते.

फळीभोवतीची चौकट फळी तयार झाल्यावरच करा. ५४३ × ६० × १९ मिमीच्या ४ पट्ट्या, कोपऱ्यात निम्म्या जाडीची खाच. आतली जागा ४२३ मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला दीड मिमी फट. ४५ अंशांचा कोपरा दिसतो देखणा, पण लाकूड आकसलं की आतून उघडतो. चौकटीखाली ४० × १२ मिमीच्या, ३८० लांबीच्या ४ पट्ट्या स्क्रूने लावा, १२ मिमी आत डोकावतील अशा. फळी त्यांवर नुसती टेकते, चिकटवायची नाही. उलटायची झाली की खालून हात घालून उचला.

पाय ४० × ४० मिमीचे, २८१ लांब. पायांमधल्या पट्ट्या ७० × २० मिमीच्या, ५०३ लांब. दोन्ही टोकांना २५ मिमीचं कुसू, म्हणजे पायाच्या भोकात बसणारी जीभ, ८ मिमी जाड. यापेक्षा लांब कुसू केलं तर दोन कुसवं पायाच्या आत एकमेकांना भिडतात आणि सांधा बसत नाही. चौकट या पट्ट्यांना ८ छोट्या एल ब्रॅकेटनी जोडा.

विनियरवर घासायचं मशीन चालवू नका, क्षणात खालचा प्लाय दिसतो. हातानेच २४० आणि ३२० नंबरचा पॉलिशपेपर. पॉलिश सकाळच्या गारव्यात द्या. दुपारी वरचा थर आधी सुकतो आणि बुडबुडे अडकतात.

टेबलाबरोबर चार रंगांच्या चार-चार सोंगट्या, १८ मिमीच्या आतल्या, आणि कवड्या द्या. बुद्धिबळ मांडताना खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात सागाचं घर आलं पाहिजे.