ऑलिंपिक मॅरेथॉनच्या पदकाचा अंदाज बांधताना
पूर्वी मी आधी धावपटूची सर्वोत्तम वेळ बघायचो आणि हमखास तोंडघशी पडायचो. आता ती शेवटी बघतो. ऑलिंपिकमध्ये वेग राखून देणारे पेसमेकर नसतात; म्हणून त्यांच्याविना, उकाड्यात, चढावर तो कसा धावलाय ते आधी तपासा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन जपानमधल्याच सप्पोरोला झाली; तिथल्या दमट हवेत अमेरिकेच्या मॉली सायडेलने कांस्य मिळवलं, तेही कारकिर्दीतल्या तिसऱ्याच मॅरेथॉनमध्ये! मग मार्ग. २०२४ चा पॅरिसचा मार्ग चांगलाच चढउतारांचा होता; आधीच्या दोन ऑलिंपिकचा विजेता, केनियाचा किपचोगे, याने तिथे शर्यत अर्धवट सोडली. जिंकला तमिरात तोला, २ तास ६ मिनिटं २६ सेकंदांत. तो मुळात इथिओपियाचा राखीव धावपटू. सहकारी जखमी झाला म्हणून आत आला. त्यामुळे दुखापतीच्या बातम्या शेवटच्या आठवड्यापर्यंत चाळा. माझी यादी तोवर पेन्सिलनेच लिहिलेली असते.