पँक्रियाटायटिसमधला स्यूडोअ‍ॅन्युरिझम: एम्बोलायझेशन (धमनी आतून बंद करणं) शिकणाऱ्या रेसिडेंटसाठी

जुनाट पँक्रियाटायटिस (स्वादुपिंडाचा दाह), अधूनमधून काळी शौच, हिमोग्लोबिन घसरलेलं आणि एंडोस्कोपीत रक्तस्रावाची जागा सापडत नाही: अशा पेशंटमध्ये स्यूडोअ‍ॅन्युरिझम (धमनीची भिंत फाटून बाहेर तयार झालेला रक्ताचा फुगा) आधी आठवावा. रक्त पँक्रियाटिक डक्टमधून येतं आणि गुठळी अडकली की थांबतं. त्या थांबण्यावर विसंबून केस सकाळवर ढकलू नये. पुढचा स्राव मोठा असू शकतो.

सीटी अँजिओत प्लेन फेज (कॉन्ट्रास्ट देण्याआधीची प्रतिमा) हवाच, नाहीतर कॅल्सिफिकेशनलाच फुगा समजाल. फुगा बहुधा स्प्लेनिक (प्लीहेच्या) धमनीवर असतो, त्याखालोखाल गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीवर. या दोन्हींना रक्त पुरवणाऱ्या सीलिअ‍ॅक धमनीचं तोंड अरुंद आहे का, हेही तिथेच बघा. असेल तर यकृताला रक्त सुपीरिअर मेसेंटेरिक (आतड्याच्या) धमनीकडून गॅस्ट्रोड्युओडेनलमधून उलटं जात असतं. गॅस्ट्रोड्युओडेनल डोळे झाकून बंद केलीत तर यकृत उपाशी राहील.

फीमोरल (मांडीच्या) धमनीतून ५ फ्रेंच शीथ, कोब्रा किंवा सिमन्स आकाराचा कॅथेटर, त्याच्या आत मायक्रोकॅथेटर. आतड्याच्या हालचालीने रन (कॉन्ट्रास्ट सोडून घेतलेलं चित्रण) बिघडत असेल तर ब्युस्कोपान २० मिग्रॅ शिरेतून (काचबिंदू आहे का, ते विचारून).

खरी परीक्षा कॉइल (धमनी बंद करणारी तारेची वेटोळी) टाकताना. इथल्या धमन्या एकमेकींना जोडलेल्या, त्यामुळे फुग्याला रक्त दोन्ही बाजूंनी मिळतं. फुगा ओलांडून पलीकडे जा, आधी मागचं दार बंद करा, मग मागे येत पुढचं. पुढचं आधी बंद केलं तर मागे पोहोचायची वाटच उरत नाही. कॉइल धमनीपेक्षा २० ते ३० टक्के मोठी घ्या: ५ मिमीच्या धमनीला ६ मिमीची. लहान कॉइल वाहून जाते. फार मोठी कॉइल असेल तर ती वेटोळी न घेता लांबट पडते आणि कॅथेटरला मागे ढकलते. नुसता फुगाच कॉइलने भरायचा मोह टाळा. त्याला खरी भिंत नसते, तो फुटतो.

पलीकडे जाताच आलं नाही तर ग्लू (रक्ताला लागताच गोठणारा द्रव). मायक्रोकॅथेटर ५ टक्के डेक्स्ट्रोजनेच धुवा. सलाइन लागलं की ग्लू आतच गोठतो. ग्लूत मिसळलेलं लिपिओडॉल (तेलकट कॉन्ट्रास्ट) जास्त तितकं गोठणं उशिरा, म्हणजे तितका तो पुढे वाहतो. ग्लू सोडून झाला की कॅथेटर झटकन ओढा, नाहीतर टोक चिकटतं.

गॅस्ट्रोड्युओडेनल बंद केल्यावर सुपीरिअर मेसेंटेरिकचा रन घेतल्याशिवाय शीथ काढू नका. सीलिअ‍ॅकच्या रनमध्ये सगळं छान दिसतं आणि खालून पँक्रियाटिकोड्युओडेनल धमनी फुगा भरतच असते.

स्प्लेनिक बंद केल्यानंतर डाव्या कुशीत दुखणं आणि थोडा ताप अपेक्षित आहे. ताप उतरेना किंवा वाढला, तर गळवासाठी पुन्हा सीटी.